मैला गल्लीची पाटी

सोमवारी पेंटरने मुख्य रस्त्याच्या पाटीवर नववा थोर पुरुष रंगवला. नगरपालिकेत सत्ता बदलली की रस्त्याचं नाव बदलायचं, पण पाटी तीच वापरायची, असा तिथला रिवाज. आधीचे आठ थोर पुरुष थराखाली निमूट पडून होते. पाटी इतकी जाड झाली होती की गेल्या वर्षी खिळे लांब घ्यावे लागले.

तिथून डावीकडे वळलं की पेंटरचं घर. त्या गल्लीचं नाव मात्र कुठल्याच सत्तेने बदललं नव्हतं : मैला गल्ली. मैला वाहणं कधीच बंद झालं होतं. पाटी चालू होती.

घरी मुलगी चपलासुद्धा न काढता बसली होती. शिक्षिकेच्या जागेसाठी तिसरी मुलाखत, तिसरा नकार.

"गुण बघून बाई खूश होत्या, बाबा. मग पत्ता वाचला. सहीला दिलेलं पेन परत घेताना रुमालात धरलं."

पेंटरला संताप यायला हवा होता. तोही कुठल्यातरी थराखाली असावा. "जेवलीस?" एवढंच त्याने विचारलं.

मंगळवारी तो कचेरीत गेला. कारकून भला माणूस.

"बदलू की नाव, काका. पण नियमाप्रमाणे माणूस थोर पाहिजे आणि मेलेला पाहिजे. तुमच्याकडे आहे कुणी?"

"माझी आई."

"थोर होती?"

"नाही, नुसतीच मेली. चाळीस वर्षं मुख्य रस्ता झाडला तिने. पहिले पाच थोर पुरुष तिच्याच काळातले."

कारकून हळहळला. "अर्धंच बसतंय हो नियमात."

बुधवारी नवव्या थोर पुरुषाचा उरलेला रंग घेऊन पेंटर गल्लीच्या पाटीपाशी शिडीवर चढला.

"बाबा, नोकरी जाईल."

"शिडी धर नीट. जन्मभर लोकांचे बाप रंगवले."

त्याने आईचं नाव लिहिलं. 'मार्ग' जरा दाटीवाटीने बसला.

तीन आठवड्यांनी पोस्टमनने काही न विचारता नोटीस आणून दिली. बेकायदा नाव सात दिवसांत पुसावं, नाहीतर बडतर्फी. पेंटरने ती दोनदा वाचली. मुलीने पाकीट उलटं केलं. पत्ता लिहिणाऱ्याने गल्लीत येऊन, पाटी बघूनच लिहिला होता : घर क्रमांक चार, आजीचं नाव, मार्ग. वर कचेरीचा गोल शिक्का.

"पत्त्याचा सरकारी पुरावा," ती म्हणाली आणि पाकीट तिने चौथ्या अर्जाला जोडलं.

मुदत सात दिवसांची होती. आठव्या दिवशी सकाळी पेंटर शिडीवर चढला आणि त्याने पाटीला रंगाचा दुसरा हात दिला.