शिंगवाला

"एक ही मिला?" पाण्याचा टँकर थांबवून अशरफनं विचारलं.

"एक ही. दूसरा भी गिरा है, पर दिखता नहीं," शत्रुघ्न म्हणाला आणि पुन्हा वाकून वाळू निरखू लागला.

कुवेतमधल्या वफ्राच्या त्या शेतावर मालकानं हौसेनं चौदा चितळं पाळली होती. नरांची शिंगं वर्षातून एकदा झडत. वाळूत अर्धवट गाडलेलं शिंग पाडसाच्या पायात घुसायची भीती, म्हणून ती शोधून काढायची. हे काम शत्रुघ्नचं. जलीबच्या कामगार वस्तीत आठजणांच्या खोलीत राहून सहा वर्षं प्लंबिंग केल्यावर त्याला ही नोकरी मिळाली होती, ती "मला हरणांतलं कळतं" या एका वाक्यावर. ते खोटं नव्हतं. घाटाखालच्या गावात त्याचे वडील, बापू, त्याला लहानपणी रानात सांबरांची झडलेली शिंगं शोधायला न्यायचे. "जमिनीर बघत फिरा नको," म्हणायचे, "जनावर खंय उडी मारता ता बघ. उडयेच्या हिसक्यान शिंग पडता."

शत्रुघ्न ताठ झाला. कुंपणालगत पाण्याचा पाट होता. चितळं रोज तो उडी मारून ओलांडत. तो पलीकडच्या काठानं चालत गेला, आणि आठव्या-दहाव्या पावलावर दुसरं शिंग पडलेलं दिसलं.

त्यानं घरी व्हिडिओ कॉल लावला. मुक्तानं, त्याच्या बायकोनं, उचलला.

"बापू जागे असत?"

"असत. आज जरा बोलतत. पन तुमचा नाव सांगा नकात हां."

गेल्या महिन्यात त्यानं "बापू, मी तुमचो झील, शत्रू" म्हटल्यावर म्हाताऱ्यानं फोन भिरकावला होता. 'माझ्या झिलाचो आवाज माका ठावक आसा. तू कोण फसवणारो?' असं ओरडून दिवसभर जेवला नव्हता.

शत्रुघ्ननं काही न बोलता शिंग पडद्यासमोर धरलं. बापूंचे डोळे एकदम मोठे झाले.

"खंय गावला रे?"

"पाटाकडे. उडी मारतत थंय."

"शाब्बास! कोणी शिकयला तुका?"

"एका म्हाताऱ्यान."

"जाणतो आसतलो तो." बापू खूश झाले. मग फोनच्या अगदी जवळ तोंड आणून हळू आवाजात म्हणाले, "माका एक झील आसा. कुवेताक. त्याका जावचा नाय होता. मीच धाडलंय. निघताना रडा होतो, मी तोंड फिरवलंय. तुका भेटलो तर सांग, बापूस चुकलो म्हणान."

"सांगतंय."

"तो काय आता येवचो नाय. तू ये. रानात जावया."

"येतंय, बापू."

त्याच दुपारी त्यानं रजा मागितली. मालकानं लगेच दिली, पण इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नूतनीकरणाला गेला होता आणि पासपोर्ट हातात यायला आठ दिवस होते. शत्रुघ्ननं नवव्या दिवसाचं तिकीट काढलं.

सहाव्या दिवशी सकाळी मुक्ताचा फोन आला. पहिल्यांदा नुसतं रडणंच ऐकू आलं.

"रुपेश अग्नी देतलो," ती शेवटी म्हणाली. रुपेश त्याचा पुतण्या. "चार दिवस रोज सकाळी माका सांगी होते, अंगण झाड, शिंगवालो येतलो. आज पन भायर खुर्ची घालून बसले. थंयच..."

शत्रुघ्ननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काल मी सांगलंय त्यांका, अवो तो तुमचोच झील. तर हसले नुसते." ती थांबली. "कळला काय नाय, देवाक म्हायत."

फोन ठेवून तो खोलीबाहेर आला. पंपघराच्या सावलीत बादली उपडी घालून बसला आणि अशरफच्या हातात वस्तरा दिला. "बाप गुजर गया," एवढंच म्हणाला. अशरफ बांगलादेशी मुसलमान. त्याला या रिवाजातलं काही ठाऊक नव्हतं. तरी त्यानं काही विचारलं नाही. आधी त्याच्या डोक्यावर ओंजळ-ओंजळ पाणी घातलं, तळव्यानं केस भिजवले आणि सावकाश सगळं डोकं भादरलं. एकदा वस्तरा कानामागं लागला, तर स्वतःच "माफ करना भाई" म्हणून शर्टाच्या बाहीनं रक्त टिपलं.

चितळांच्या घासाची वेळ झाली होती. लसूणघासाची पाटी घेऊन शत्रुघ्न फाटक उघडून आत गेला. रोज पाटीत तोंड घालायला धावणारा कळप आज जागीच थबकला. मोठ्या नरानं खूर आपटला. सगळी एकदम उधळली आणि पलीकडच्या कुंपणाला जाऊन, कान टवकारून त्याच्याकडे बघत राहिली.

त्यानं जीभ टाळ्याला लावून नेहमीचा आवाज केला. एकही पुढं आलं नाही.

उन्हानं भाजणाऱ्या बोडक्या डोक्यावर हात ठेवून तो खाली वाळूत बसला आणि पाटी आपल्यापासून थोडी लांब सरकवून दिली.