बनातीखालची बाजू

कलमदान पुन्हा डगमगलं, भिंगवाल्यांनी नुसतं बोट लावलं तरी, आणि तिचा हात ते सावरायला पुढे झाला, घरी एखाद्या पाहुण्याने ते उचलून परत ठेवलं की व्हायचा तसाच. मुठीएवढं, गोल, सागवानी. वर दोन पेनांची भोकं, पोटावर पितळेची पट्टी : युद्धात लढलेल्या जहाजाच्या डेकचे अस्सल लाकूड. पट्टीखाली तीन बारीक चरे, ही अप्पांची, तिच्या वडिलांची खूण. आणि तळाला जाड लोकरी कापडाची हिरवी बनात, कडेला विटलेली, पण चिकटलेली... चाळीस वर्षं जशीच्या तशी चिकटलेली.

भिंगवाले म्हणजे जुन्या युद्धवस्तू जमवणाऱ्या मंडळाचे तज्ज्ञ. हा माणूस डोळ्याला भिंग लावूनच जन्माला आला असावा, असं तिला पहिल्या भेटीतच वाटलं होतं. मंडळ त्या जहाजापासून घडवलेल्या सगळ्या आठवणवस्तूंची यादी छापत होतं, आणि तीन चऱ्यांचा यच्चयावत माल त्यांनी ‘संशयास्पद’ या रकान्यात टाकला होता. यादी आज दुपारी छापायला जायची. एकदा छापलं की अप्पा कायमचे लबाड. भिंगवाले तिला हळुवारपणे समजावत होते की कारखान्याचा खरा माल टेबलावर कसा ठाम बसतो, आणि हा असा. घाईघाईने कुठल्यातरी भलत्याच लाकडातून उरकलेला. तिने वाईट वाटून घेऊ नये.

डगमगतं. हो, डगमगतंच की! घरी त्याच्याखाली कायम कागदाची घडी असायची, आणि आई हसून म्हणायची, जहाजाचं लाकूड आहे, झुलणारच... अप्पा त्याच कारखान्यात लेथवर, लाकूड कातायच्या यंत्रावर बसायचे. बंदरात ते जहाज तोडायला घेतलं तेव्हा कामगारांनी त्याचं नाव म्हातारी ठेवलं, आणि म्हातारीच्या फळ्या कापून अप्पांनी कलमदानं, राखदाण्या, डब्या कातल्या, शेकड्यांनी. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवरसुद्धा भुसा असायचा. मग एके दिवशी ते भर दुपारीच घरी आले, जेवणाचा डबा न उघडता. गोदामात मोडक्या कपाटांची लाकडं सापडली होती, कुणीतरी ती जहाजाची म्हणून खपवत होतं, आणि ज्याचा माल डगमगतो तोच चोर, असं सुपरवायझरने ठरवून टाकलं. बनात काढून बघा, असं अप्पा तीनदा म्हणाले म्हणे. तयार माल कोण खराब करणार!

तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्या संध्याकाळी अप्पांनी हे कलमदान तिच्या पुढ्यात ठेवलं.

“ज्या बाजूवर माणसं उभी राहून लढली, तिला मी हत्यार लावत नाही. ती तशीच खाली ठेवतो. वाटलं तर बनात काढून बघ.”

“कशाला, अप्पा? माझा विश्वास आहे तुमच्यावर.”

किती पटकन म्हणाली होती. अप्पा खूश झाले, निदान तसे दिसले... त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही, ते गेले तोपर्यंत नाही. आणि ती पुढे शिवणकामात पडली, टेलर म्हणून नाव काढलं, हजारो शिवणी उसवल्या, हट्टी अस्तरं सोडवली, पण चार बोटं रुंदीची ही बनात मात्र तिने कधी उचकटली नाही. वस्तूची किंमत कमी होते, असं ती सगळ्यांना सांगायची. धाकट्या भावाने सकाळीच फोनवर म्हटलं होतं, ताई, जाऊ दे ना, आता कुणाला काय पडलंय. त्याला ती रागावली. पण राग त्याच्यावर नव्हता, हे तिला आत्ता, या टेबलापाशी, लख्ख कळत होतं... मी घाबरले होते. खाली गुळगुळीत निघालं तर? चाळीस वर्षं मी विश्वास ठेवला नाही, फक्त बघायचं टाळलं.

तिने पर्समधून ब्लेड काढलं. भिंगवाले दचकले, म्हणाले, एकदा काढलीत तर परत लागणार नाही हं. तिने कलमदान उपडं केलं. हात तिचा कामाचा होता, सवयीचा; ब्लेड आडवं धरून तिने कड सोडवली, जुना गोंद करकरला, आणि बनात एका तुकड्यात निघून हातात आली.

खाली लाटा होत्या... म्हणजे लाकडाच्याच, बारीक उंचवटे आणि खोलगट रेषा; वर्षानुवर्षं ब्रशाने घासून, उन्हाने, खाऱ्या पाण्याने मऊ भाग झिजलेला आणि कणखर भाग वर राहिलेला. कडेला दोन फळ्यांच्या फटीत भरलेल्या डांबराची काळी रेघ. रंध्याचा स्पर्श कुठेही नाही. असल्या तळावर कलमदान बसणार कसं?

भिंगवाल्यांनी भिंग लावलं, मग काढून ठेवलं आणि नुसता अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग उठून कपाटातून तीन चऱ्यांच्या सात वस्तू आणल्या, ओळीने उपड्या ठेवल्या.

“बाई, ते ब्लेड देता का जरा?”

“मीच काढते,” ती म्हणाली.

सातही तळ खडबडीत निघाले. प्रत्येक वेळी तिला हसू येत होतं, मोठ्याने, घरात हसावं तसं, आणि शेवटच्या राखदाणीला भिंगवालेही हसले. त्यांनी छापायच्या कागदावरचा ‘संशयास्पद’ स्वतः खोडला, वर ‘अस्सल’ लिहिलं आणि पुढे अप्पांचं पूर्ण नाव तिला विचारलं. तिने ते एकेक अक्षर सांगितलं, सावकाश, त्यांना घाई असूनही.

बाहेर लखलखीत ऊन होतं. मंडळाच्या पायरीवर ती बसली. भावाला फोन करायला हवा होता, पण थोडा वेळ हा आनंद तिला एकटीलाच हवा होता. जिंकलो, अप्पा. आठच्या आठ! ती हे मनात म्हणाली, आणि लगेच अप्पा समोर आले, भुवयांवर भुशासकट, कौतुकाने बघत... आणि त्यांनी फक्त एवढंच विचारलं, आज काढलीस होय?

तरी तो आनंद काही केल्या कमी होईना. तिने कलमदान बाजूला पायरीवर ठेवलं. बनातीशिवाय ते आधीपेक्षा जास्तच झुललं. सवयीने तिचा हात पर्समध्ये गेला, कागदाच्या घडीसाठी, आणि तिथेच थांबला.