माशीचे पंख

शिवांजलीनं बोटांची चिमटी केली आणि थेट कागदावर टेकवली.

"पंख जिथं दिसतात तिथं धर, बाळ," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"इथंच हायत की."

तपासणीचा काळा चष्मा घातलेली अकरा वर्षांची पोर पुस्तकातल्या त्या भल्यामोठ्या माशीचे पंख नखानं खरवडत होती. शेजारी बसलेली तिची आई, वर्षाराणी, पुढं वाकून बघू लागली. ही माशी तिनं आधी पाहिली होती.

डॉक्टरीणबाई समजावून सांगू लागल्या. दोन डोळ्यांना दोन जराशी वेगळी चित्रं दिसतात, मेंदू ती जोडतो, तेव्हा या चष्म्यातून माशी कागदावरून वर उठलेली दिसते. हिच्या डाव्या डोळ्याचा नंबर लहानपणापासूनच मोठा. मेंदूनं त्याचं चित्र घेणंच सोडून दिलेलं.

म्हणजे पोरीच्या हातून चहा कपाबाहेर सांडायचा, तो ध्यान नसायचं म्हणून नव्हे! आणि आपण पाहुण्यांसमोर तिच्या पाठीत धपाटा घातला. जळो मेला तो हात.

"आता नंबरचा चष्मा लावला तर, म्याडम?"

"लावू. उजव्या डोळ्यावर पट्टीही ठेवू. पण ताई, हे सहाव्या-सातव्या वर्षी व्हायला हवं होतं. आता फार आशा नाही देत मी." त्यांनी शाळेचं जुनं कार्ड उलटलं. "नवलच आहे. पहिलीत तपासणी झालीय. माशी वर दिसते, असं लिहिलंय इथं."

वर्षाराणीला आठवलं. बेंबळीच्या शाळेत तपासणीवाले आले होते, तेव्हाची ती रांग. पुढच्या पोरीनं हवेत चिमटी केली आणि तिला शाबासकी मिळाली. ते बघून वर्षाराणीनं लेकीच्या कानात सांगितलं होतं, हवेत धर गं, कागदाला हात लावू नगं. परीक्षाच वाटली होती तिला. चार बायांत आपली पोर नापास व्हायला नको, एवढंच. कुठून बुद्धी झाली, देवा!

सांगून टाकायला हवं होतं.  पण ती हातातली पिशवी नुसतीच चुरगळत राहिली.

"तेव्हा तुला खरंच वर दिसली होती का गं?" डॉक्टरीणबाईंनी शिवांजलीला विचारलं.

पोरीनं चष्मा काढला. आईच्या तोंडाकडं एकदा पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "तवा लई वर दिसायची."

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं. वर्षाराणीनं लिहू दिलं.