खाणाऱ्याचे दात

आमच्या तळघरात कॉम्प्रेसर सुरू झाला की शेजारी कुणी ठणाणा बोंब मारली तरी पत्ता लागत नाही. त्यात हातातली हवेची छिन्नी किरकिरत असते, तोंडावर मास्क, कानांवर टोपणं. संग्रहालयाच्या तळाशी बसून मी दगडातून जुन्या प्राण्यांची हाडं मोकळी करते. कुणी विचारलं काय करता, तर मी म्हणते दगड खरवडते, म्हणजे पुढचे प्रश्न टळतात.

यंदा टेबलावर होता चिलखतराव. हे नाव आमचं, शास्त्रातलं मला एका दमात म्हणता येत नाही. डायनोसॉर अजून पोरसवदा होते त्या काळातला हा प्राणी, मगरीच्या भावकीतला. पाठीवर जाड चकत्यांच्या ओळी, खांद्यांवर शिंगांसारखे काटे आणि डुकरासारखं नाकाड. समोर आला तर चप्पल टाकून पळावं असा अवतार. त्याच्या बरगड्यांत मला सुरुवातीलाच दोन दात सापडले, वाकडे, करवतीच्या धारेचे, बोटाएवढे. सगळ्यांना आनंदाचं भरतं आलं. वरच्या दालनासाठी चित्रसुद्धा काढून झालं, त्यात चिलखतराव कुणाचा तरी गळा फोडत होता.

मग मी जबड्यापर्यंत पोचले. त्याचे स्वतःचे दात निघाले करंगळीच्या नखाएवढे, पानाच्या आकाराचे. पाला ओरबाडायला आणि मुळं चावायला ठीक, गळे फोडायला नाही. आमच्या संशोधक मॅडम भिंगातून बघत राहिल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, या बिचाऱ्याला आपण खुनी ठरवलं! ते मोठे दात याचे नव्हेतच. ज्याने याला खाल्लं त्याचे आहेत. लचके तोडताना दात तुटतात आणि खाल्लेल्याच्या अंगात राहतात."

"आणि खाणारा कोण?"

"तोही मगरीच्याच भावकीतला."

"म्हणजे घरातलाच," मी म्हटलं. मॅडम हसल्या. मी हसले नाही, कारण तेव्हा माझी धाकटी बहीण माझ्याच घरी येऊन राहिली होती.

धाकटीचा नवरा गाडी शिकवायचा. आमचे जावईबापू! अर्धं गाव त्याच्याकडून स्टिअरिंग धरायला शिकलं. गाडीत कधी आवाज चढायचा नाही, "क्लच हळू सोडा, घाबरू नका, मी आहे ना." सगळ्यांच्या तोंडी मास्तर, मास्तर. घरी आला की हाच माणूस बायकोला पट्ट्याने फोडून काढायचा. मी धाकटीला कितीदा म्हटलं, ये निघून. दर वेळी तिचं ठरलेलं उत्तर, "जाऊ दे ताई, त्यांचा स्वभाव तापट आहे." स्वभाव म्हणे! तापट मीही आहे, मी कुणाची हाडं मोडत नाही. मोडलेली जोडते.

आणि एक दिवस ती आपणहून आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चिमणी, माझी भाची, पहिलीतली. "इतकी वर्षं मुकाट सोसलंस, मग आजच काय झालं?" मी विचारलं. ती भिंतीकडे बघत बसली. मला असा राग आला की विचारू नका. पण राग गिळला आणि तिला तळघरात कामाला लावलं. माझ्या टेबलाखाली पडलेला चुरा चाळायचा आणि त्यातून हाडांचे बारीक तुकडे वेचायचे. हात चांगला होता तिचा. चिमणी शाळेत जायची आणि शाळा सुटली की धाकटी तिला आणायची. भर उन्हाळ्यात पोरगी लांब बाह्यांचा झगा घालायची. "राणीसरकारांना थंडी वाजते वाटतं?" मी चिडवायची. ती आईच्या मागे लपायची. तिला अंघोळही आईनेच घालायची, मला आत येऊ देत नसत. लाडावलीय, असं मी समजले.

त्या दुपारी मॅडम बैठकीला गेल्या होत्या. मी शेपटीवर काम करत होते, धाकटी कोपऱ्यात चाळण घेऊन. मान मोडून आली म्हणून वर बघितलं तर जावईबापू उभे. सामानाच्या मागच्या दाराने आला होता. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. कॉम्प्रेसर तेवढ्यात थांबला, मी टोपणं काढली.

"चिमणीला आज शाळेतून मी नेणार," तो धाकटीला सांगत होता. "तूही गुमान गाडीत बस. तमाशा नको."

"तिला हात लावायचा नाही," धाकटी म्हणाली.

तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. त्यानेही नसावा, कारण क्षणभर तो गोंधळला.

"चालते व्हा इथून," मी उठून म्हटलं.

"ताई, तुम्ही मध्ये पडू नका. हा आमचा घरचा मामला आहे." आणि हसून, अगदी क्लच हळू सोडा म्हणतानाचं हसू, त्याने धाकटीचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं.

नाकातलं रक्त चाळणीत पडलं. मी त्याच्या पाठीवर झेप घेतली, हाताला लागेल ते ओरबाडलं. त्याने कोपर मागे मारला, माझा ओठ फाटला आणि मी टेबलावर कोसळले. शेपटीचा तुकडा वाळूच्या पिशव्यांवरून घसरला आणि फरशीवर फुटला. सहा महिन्यांचं काम! मी ओरडले, शिव्या घातल्या, पण कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला होता, त्याच्यापुढे कुणाचं काय चालणार. प्लास्टर कालवलेलं घमेलं उचलून त्याच्या तोंडावर फेकलं. पांढऱ्या फटक तोंडाने तो वळला आणि माझ्या पोटात लाथ घातली. श्वासच बंद झाला. मी फरशीवर पडून बघत राहिले, दुसरं काही करता येत नव्हतं.

तो तिला केसांनी दाराकडे ओढत होता. आमचं मोठं टेबल लोखंडी आहे, बोल्टने फरशीत रोवलेलं. धाकटीने टेबलाच्या पायाला उजव्या हाताचा विळखा घातला. त्याने बरगडीत बुक्के मारले, गुडघ्यावर लाथा मारल्या. ती सुटेना. तेव्हा हा माणूस, ज्याने अर्ध्या गावाला गाडी शिकवली, खाली वाकला आणि तिच्या हातात दात रोवले. नुसते रोवले नाहीत, मान हलवून हिसडे दिले. धाकटीच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. तिचा डावा हात टेबलाखाली चाचपडत होता. तिथे माझा हातोडा होता.

त्याचं तोंड अजून तिच्या हातावर होतं आणि तिने त्याच्या गालावर हातोडा हाणला.

तो आडवा झाला. ती गुडघ्यांवर उठली आणि हातोडा पुन्हा वर नेला, या वेळी दोन्ही हातांनी, डोक्याचा नेम धरून. मी कशी सरपटले मला ठाऊक नाही. तिचं मनगट धरलं आणि लोंबकळले. "नको! अगं, मरेल तो!" तिने माझ्याकडे बघितलं. मग हातोडा सुटला.

नेमका तेव्हा वरचा पहारेकरी खाली आला. त्याने काय पाहिलं? मास्तर रक्ताच्या थारोळ्यात, आणि दोन बायका त्यांच्यावर ओणवलेल्या, पायाशी हातोडा. "अरे देवा, मास्तरांना मारलं!" म्हणत तो धावत सुटला. मास्तरांनी त्यालाही शिकवलं होतं.

सरकारी इस्पितळात दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर टाकलं, मध्ये एक हिरवा पडदा. पलीकडे जावईबापू सुजल्या तोंडाने मिशीवाल्या पोलिसाला जबाब देत होते. मला सगळं ऐकू येत होतं. मी समजूत घालायला गेलो, खुर्चीत बसलो होतो, तिने मागून घाव घातला. मी तिच्या जवळही गेलो नव्हतो.

मी पडदा ओढला. "खोटारड्या! हात बघा तिचा, चावलाय हा!"

"ती स्वतःला चावून घेते," तो कण्हत म्हणाला. "डोक्याने ठीक नाही. म्हणून तर पोरीची काळजी वाटते. माझ्या आईला फोन केलाय, ती आणेल पोरीला शाळेतून. माझ्याकडेच राहू दे आता."

मिशीवाला माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही बहीण, तुम्ही बहिणीचंच बोलणार. यांचं तोंड बघा आणि हातोडा कुणाच्या हातात होता ते सांगा. माझ्या बायकोला गाडी यांनीच शिकवली, मुंगी मारायचे नाहीत. तुमच्या बहिणीला चौकीवर यावं लागेल."

धाकटी खाटेवर लाकडासारखी पडली होती. वर्षानुवर्षं मार लपवायची सवय, आताही तो हात तिने ॲप्रनमध्ये गुंडाळून ठेवला होता. फक्त माझा पदर धरून म्हणाली, "ताई, चिमणी. शाळा सुटेल." मी मिशीवाल्याच्या हातापाया पडायची तेवढी राहिले होते.

नर्सने ॲप्रन सोडवला. हात फुगून काळानिळा झाला होता, दोन अर्धगोल, एकातलं मांस उसवलेलं. जखम धुताना तिचा चिमटा आत कशावर तरी अडला.

"तुमच्या कारखान्यातला दगड शिरलाय," ती म्हणाली. आम्ही दोघी डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टर आणि दगडाच्या भुकटीने माखलेल्या, तिचं काय चुकलं? तिने तो खडा ओढून काढला, ट्रेमध्ये टण्णकन वाजला. ट्रे उचलून ती कचऱ्याच्या डब्याकडे वळली.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातून ट्रे पडता पडता राहिला. खडा उचलून मी नळाखाली धरला. एक बाजू गुळगुळीत, चकचकीत, खाली सरळ धार. दुसरी बाजू ताजी तुटलेली. हाडं आणि दगड निवडण्यात माझा जन्म गेलाय, पण हे ओळखायला तेवढंही लागत नव्हतं.

"हा दात आहे," मी म्हटलं.

नर्सने निरखून बघितला. "अगंबाई! खरंच की."

"तिचाच पडला असेल," मिशीवाला म्हणाला.

नर्सने धाकटीला तोंड उघडायला लावलं. सगळे जागच्या जागी. मी न सांगता माझा फाटका ओठ वर केला. माझेही सगळे. मग ती पडद्यापलीकडे गेली आणि मिशीवाला तिच्यामागोमाग. जावईबापूंनी तोंड गच्च मिटलं होतं. नर्सने दोन बोटांनी वरचा ओठ उचलला. समोरचा दात अर्धा होता.

माझ्या डोळ्यांपुढे चिलखतरावाच्या बरगड्यांतले ते दोन दात आले आणि मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

मिशीवाल्याने लिहिलेला जबाब काढला आणि पुन्हा वाचला. मग शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुम्ही जवळही गेला नव्हता. मग दात काय चालत गेला?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मिशीवाल्याने त्यांच्या खाटेशी एक शिपाई बसवला, दात नर्सकडून एका डबीत घालून घेतला आणि स्वतःच शाळेत फोन लावला. "त्या मुलीला आईशिवाय कुणाच्याही हाती द्यायचं नाही. आजी आली तरी नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "जीप खाली आहे. जा."

शाळा सुटून गेली होती. चिमणी फाटकाच्या आत बाईंजवळ दप्तर कवटाळून उभी होती. आम्हाला बघून धावत आली आणि दोन पावलांवर थबकली. माझ्या फाटक्या ओठाकडे तिने बघितलंही नाही. आईच्या हाताला बांधलेल्या पट्टीकडे बघत राहिली.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुला पण चावले?"

आणि तिने झग्याची बाही कोपरापर्यंत वर केली.

दोन अर्धगोल. भरून आलेले, गुलाबी, एवढ्याशा हातावर एवढे मोठे. मी फाटकाचे गज धरले. लाडावलीय, म्हणत होते मी! मला परत त्या इस्पितळात जायचं होतं, हातोडा घेऊन जायचं होतं, त्याच्या तोंडात एकही दात ठेवायचा नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?" मी धाकटीवर खेकसले. रडत होते की ओरडत होते कोण जाणे. "सांगितलं असतंस तर मी तुझा हात धरला नसता! दुसरा घाव मीच घातला असता!"

धाकटीने वाकून चिमणीची बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं.

"धरलास ते बरं केलंस," ती म्हणाली. "नाहीतर आज हिला न्यायला कोण आलं असतं?"

तिने दप्तर डाव्या खांद्याला अडकवलं आणि आम्ही तिघी घरी निघालो.