कोपऱ्यात उभी राहिलेली गादी

मित्रांनो, जुनी म्हणून माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी अस्सल कापसाची गादी आहे. सध्या माझा मुक्काम चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्याच्या तळघरात आहे. तिथे मी कोपऱ्यात गुंडाळून, सुतळीने बांधून उभी आहे. गादीने कधी उभं राहायचं असतं का? मलाही ते पटलं नव्हतं. मी चांगलीच फुगून बसले होते. पण आता तिथून हलायचं माझ्या मनात नाही. असं का, ते सांगते.

माझा जन्म चारकोपलाच झाला. लवू आणि सुलक्षणा हे मालवणकडचं जोडपं. लवू कामाला होता ती कापडगिरणी बंद पडली आणि काही वर्षांनी ती दोघं इथल्या नव्या वसाहतीत राहायला आली. तेव्हा आजूबाजूला चिखल आणि खाडीचा वारा, दुसरं काही नव्हतं. एके दिवशी पिंजारी दारावरून धनुकलीची तार छेडत चालला होता. सुलक्षणाने त्याला थांबवलं. त्याने अंगणात बसून माझा कापूस पिंजला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खोळीत भरला आणि जाड दोऱ्याने मला टाके घातले. मी अशी गुबगुबीत झाले की शेजारणी हात लावून बघायला यायच्या.

पण माझ्यावर झोपलं कुणी नाही. लवू पखवाज वाजवायचा. दिवसा नोकरी करायचा, आणि संकष्टीला वसाहतीतलं भजनी मंडळ त्याच्या घरी जमायचं. बुवा पेटीवर बसायचे, बाकीचे टाळ घेऊन भोवती सतरंजीवर. गादी मात्र एकच, पखवाजाची. सुलक्षणाचा दंडकच होता, की या गादीला कुणाचा पाय लागता कामा नये. चुकून लागलाच तर हात लावून नमस्कार करायचा. लवू पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावायचा, उजव्या बाजूवर थाप मारून सूर बघायचा आणि मग डावा हात पडायचा. तो आवाज कानाआधी मला कळायचा. माझा सगळा कापूस आतून हलायचा. मालाडला डबलबारी, म्हणजे दोन मंडळांचा भजनाचा सामना, असली की मला टेम्पोत घालून न्यायचे. समोरच्या मंडळाचे लोकसुद्धा म्हणायचे, ‘लवूचा डावा हात म्हणजे काम झकास.’ मला वाटायचं, यातलं थोडं कौतुक माझंही आहे. थोडं कशाला, बरंचसं.

मग दिवस पालटले. मंडळातले बरेच जण विरार-बदलापूरला गेले. घरात फोमच्या गाद्या आल्या. मला एका जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकलं. शेजारी फुटकी कुंडी आणि गणपतीचं मखर. मखर निदान वर्षातून एकदा खाली उतरायचं. मला कुणी हाक मारेना. कापसाच्या गाठी झाल्या. मी खूप रडले, मित्रांनो. गादीचं रडणं कुणाला दिसत नाही एवढंच.

लवूचा नातू देवेश मोठा झाला आणि गाण्यांच्या मिक्सिंगचं काम करू लागला. म्हणजे असं, की गाणारा, पेटी, टाळ, पखवाज यांचे आवाज वेगवेगळे टिपून घ्यायचे आणि मग कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मागे, ते ठरवायचं. त्याने मानसी नावाच्या मैत्रिणीबरोबर हे तळघर घेतलं. तिने ध्वनीचं रीतसर शिक्षण घेतलंय. त्याचं पहिलं मोठं काम होतं आजोबांच्या मंडळाची भजनं. उरलेले सगळे एकदा जमले, लवूने मन लावून पखवाज वाजवला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात गेला. आता ही भजनं पुन्हा वाजवून घेता येणार नव्हती. टिपून ठेवलं होतं तेवढंच काय ते लवूच्या डाव्या हाताचं उरलं होतं.

देवेशने जीव ओतून काम केलं. त्याने घरोघरून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे गोळा केले आणि तळघराच्या चारी भिंतींवर, छतावरसुद्धा चिकटवले. मग भजनं मिक्स करून घरी आणली. लवूने डोळे मिटून ऐकली. बुवा ऐकू येत होते, टाळ खणखणत होते. मी माळ्यावरून कान देऊन होते. मलाही चुकल्यासारखं वाटलं.

“पखवाज खंय गेलो?” लवूने विचारलं.

देवेश म्हणाला, “आहे ना आबा. नीट ऐका.”

लवूने पुन्हा ऐकलं आणि आपल्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे बघत म्हणाला, “हात तर गेलोच. आता आवाज पण गेलो.”

देवेशचं तोंड एवढंसं झालं. खाली तळघरात तर पखवाज एवढा घुमत होता, की त्याला तो जबरदस्तीने बारीक करावा लागला होता. त्याला वाटलं, आबांची बैठकच नाही तिथे, म्हणून बहुतेक बरकत येत नाही. त्याने मला माळ्यावरून काढलं, गाठी सोडवून घेतल्या, तळघरात खोलीच्या मधोमध घातलं आणि वर पांढरीशुभ्र चादर अंथरली. समोर उदबत्ती. काय सांगू, मी हवेत होते. माझे दिवस परत आले असंच मला वाटलं.

मानसी आली, चपला बाहेर काढून आत शिरली आणि हसायला लागली.

“पूजा घातलीस काय रे? अरे, या अंड्यांच्या ट्रेंनी फक्त टाळांसारखे बारीक, उंच आवाज खाल्ले. पखवाजाचा जाड आवाज त्यांना जुमानत नाही. तो जाऊन कोपऱ्यांत साचतो आणि तिथून घुमत परत येतो. म्हणून तुला तो इथे नको इतका मोठा वाटतो, तू कापतोस, आणि बाहेर तो उरतच नाही. कोपऱ्यात काहीतरी जाड, मऊ भरायला हवं. ही गादी उभी कर तिथे.”

“आबांची गादी? कोपऱ्यात?” देवेशला ते सहन होईना. मला तरी कुठे होत होतं? जिला पाय लागला तर लोक नमस्कार करत, तिने कोपऱ्यात तोंड लपवून उभं राहायचं? घरी सुलक्षणाला कळलं तेव्हा ती कडाडली, “ह्यांची गादी कोपऱ्यात उभी करतलस? शाळेतल्या पोरासारखी?”

तेव्हा लवूच बोलला. “मी खंय बसतंय आता तिच्यावर? ऱ्हवांदे तिका उभी.”

झालं. मला गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. उरलेल्या तीन कोपऱ्यांसाठी मंडळातल्या घरांमधून माझ्यासारख्याच जाडजूड जावा आणल्या. भिंतींवरचे बरेचसे ट्रे मानसीने खरवडून काढले. मी अजून रुसलेलीच होते. मग देवेशने भजन लावलं, आणि लवूचा डावा हात पडला.

मित्रांनो, तो थेट माझ्याकडे आला. खोलीच्या मधोमध कधी आला नव्हता तसा. सगळा घुमारा कोपऱ्यात धावत आला आणि मी तो पोटात घेतला. कापूस आतून हलला, अगदी पूर्वीसारखा. माझ्या लक्षात आलं, की माझं काम तेच आहे, फक्त जागा बदललीय. माझा रुसवा कुठल्या कुठे गेला. देवेशला पखवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला, ना फुगलेला ना हरवलेला. त्याने सगळी भजनं पहिल्यापासून पुन्हा केली.

लवूला दोघांनी धरून जिना उतरवला. तो ऐकत राहिला. मध्येच त्याने उजवा हात वर करून थांबवायला सांगितलं.

“ह्यो माझो हात,” तो म्हणाला. “परत लाव.”

मानसी तोंड फिरवून उभी राहिली. देवेशने परत लावलं.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तळघरात ओल फार, आणि कापसाला ऊन लागतं. म्हणून अधूनमधून देवेश आम्हा चौघींना गच्चीवर नेऊन कठड्यावर पसरतो. त्या दिवशी खाली काम बंद. कुणी विचारलं तर सांगतो, “गाद्या उन्हात आहेत.” लवूलाही तिथे आणून माझ्याशेजारी खुर्चीवर बसवतो. डावा हात आपणहून येत नाही, म्हणून लवू तो उजव्या हाताने उचलून माझ्यावर ठेवतो. ऊन दोघांनाही लागतं. तुमच्या घरी माळ्यावर कुणी पडलं असेल तर त्याला खाली काढा, ऊन दाखवा, काम सांगा. आणि कोपऱ्यात कुणी माणूस बसून असेल, तर नुसतं उन्हात नेऊन ठेवू नका. तुम्हीही थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.