कोणाचं ब्लाऊज

"ब्लाऊज दाखव," दारात उभी असलेली बाई म्हणाली.

शकीलानं मशीनवरून मान वर केली. "कोणतं, ताई?"

"तयार हाय म्हणे ना? गोवर्धनच्या फोनवर शकीला टेलरनं सांगतलं, तुमचं ब्लाऊज तयार हाय, घेऊन जा. फोन म्या उचलला होता. कुठं यायचं म्हटलं तं पत्ताबी दिला, अकोल्यात अकोट फैलात. म्या तं कोणाकडंच ब्लाऊज टाकलं नाई. मंग कोणाचं हाय?"

ही सत्यवती. गोवर्धनची बायको. भांडणाला म्हणून ठेवणीतली साडी नेसून, तेल्हाऱ्याहून अकराची एसटी धरून ती आली होती.

शकीला टेलर होती हे खोटं नव्हतं, पण ती दुपारनंतर टेलर होती. सकाळी ती सरकारी एआरटी सेंटरवर काम करी. एचआयव्हीच्या गोळ्या तिथे मिळतात. महिन्याच्या गोळ्या न्यायला जो आला नाही, त्याला फोन करायचा, हे तिचं काम. फोन घरातल्या दुसऱ्या कुणी उचलला तर दवाखान्याचं नाव काढायचं नाही, हा नियम. मग काय बोलायचं, हे नियम करणाऱ्यांनी लिहिलं नव्हतं. त्यांची जेवायची सुट्टी झाली असावी. शकीलानं आपली सोय आपणच केली. पुरुषानं उचलला तर पॅन्ट तयार, बाईनं उचलला तर ब्लाऊज तयार. अर्ध्या वऱ्हाडात कधीच न टाकलेले कपडे असे वेळच्या वेळी तयार होत होते आणि आजवर एकही गिऱ्हाईक न्यायला आलं नव्हतं.

"नंबर चुकला असंल, ताई."

"मागच्या महिन्यातबी चुकला काय?"

सत्यवतीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पन्नाशी कधीच ओलांडलेली, काटकुळी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.

"शकीला तूच काय?"

"मीच."

"घरात आखीन कोणी नाई?"

"नाई."

सत्यवती खाली बसली. एवढ्या लांबून आणलेल्या भांडणाला समोरचं माणूस अगदीच अपुरं पडत होतं.

"बाई असती तं बरं झालं असतं," ती म्हणाली. "चांगली, भरल्या अंगाची. म्या झिंज्या उपटल्या असत्या तिच्या. पण तो कुठंतरी हसत होता, एवढं तं झालं असतं."

शकीलानं पाण्याचा गिलास पुढे केला.

"घरी तं भिंतीकडं तोंड करून पडून रायते. तेल्हाऱ्यात मंत्री येवो का मढं निघो, हार गोवर्धनचाच. पोळा झाला तवापासून दुकान उघडलं नाई त्यानं. शेवंती सडली, निशिगंध सडला. जेव म्हटलं तं दोन घास खाते. भांड म्हटलं तं भांडतबी नाई. अन् आता गोळ्याबी बंद केल्या."

"कोणत्या गोळ्या?" शकीलानं विचारलं. तिचा चेहरा नियमात बसेल इतका कोरा होता.

"गव्हाच्या कोठीत लपवते त्या. आपा, दळण कोण काढते घरात? मीच ना? त्याले वाटते, कोणाले माईत नाई. म्या अमरावतीले जाऊन माझंबी रक्त तपासलं. अकोल्यात ओळखीचं कोणी भेटते. मले काई निघालं नाई. दोन दिवाळ्या होऊन गेल्या. तो आज सांगीन, उद्या सांगीन, म्हणून वाट पाहून राहिली."

शकीला मशीनच्या चाकाकडे पाहत राहिली. "मी टेलर हाय, ताई," ती म्हणाली.

"हाव. गोळ्या बंद झाल्या तवापासून तुझे फोन येते, समजते मले. तू नको सांगू त्याचं काई. मले येवढंच सांग, असं पडलेलं माणूस उठते काय?"

गोवर्धनबद्दल बोलायला बंदी होती. स्वतःबद्दल बोलायला कुणी मनाई केली नव्हती.

"उठते," शकीला म्हणाली. "मी उठली. घरवाले, अब्दुल सत्तार, गेले अन् मलेबी तोच आजार हाय असं निघालं, तवा मी बी अशीच पडली होती. मरावं वाटे, पण त्याच्यासाठीबी उठा लागते ना. नणंद रोज येऊन खाटेजवळ भाजी निवडत बसे. हीना नाव तिचं. बोले नाई, समजावे नाई. एक दिवस पाह्यलं तं मेथीच्या काड्या तशाच ठेवून राहिली. मले असा राग आला का उठून बसली. म्हटलं, दे इकडं."

"मेथीनं?"

"मेथीनं उठली. मंग हीनानं मनाच्या डॉक्टरकडं नेलं, त्याच्याबी गोळ्या खाल्ल्या, कितीक महिने. सारं मेथीवर नाई सोडलं."

सत्यवतीनं पदरानं तोंड पुसलं, मोबाईल काढून गोवर्धनला लावला आणि स्पीकर सुरू केला. बऱ्याच रिंगांनंतर तो उचलला गेला.

"मी अकोल्यात हाय," ती म्हणाली. "शकीलाकडं."

पलीकडे नुसता पंखा ऐकू येत होता.

"पाह्यलं तिले?" गोवर्धननं विचारलं.

"पाह्यलं."

"हाय माझं तिच्यासंग," तो म्हणाला. "लय दिवसाचं. तू म्हणशील तसं करू. काडीमोड म्हणशील तं काडीमोड."

शकीलानं चष्मा काढून ओढणीला पुसला. आजार कबूल करण्यापेक्षा गोवर्धनला ती परवडली होती. तिच्यावर असा आळ उभ्या जन्मात कुणी घेतला नव्हता. मनातून थोडं बरंही वाटलं असेल तर तिला दोष देता येणार नाही.

सत्यवतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र खणखणीत होता. "बरं. घिऊन येतो तिले घरी. जरा माणसावानी दिसजो." तिनं फोन ठेवला. "चाल, आपा."

"मी?"

"मंग? सवत तूच ना?"

शकीलानं मशीनवर कापड टाकलं आणि दाराला कुलूप लावलं.

ऊन कलताना दोघी तेल्हाऱ्यात पोचल्या. दार उघडंच होतं. गोवर्धन अंगणात पाटावर बसला होता. भिंतीला टेकवलेला आरसा समोर, एक गाल साफ, दुसऱ्यावर साबण वाळून पांढरा पडलेला. वस्तरा धरलेला हात मांडीवर होता. पुढच्या गालापर्यंत तो उचलला गेला नव्हता. तो हात किती जड असतो, हे शकीलाला ठाऊक होतं. ती फाटकाशीच थांबली.

त्याला ती दिसली. त्यानं मान खाली घातली.

सत्यवती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि वस्तऱ्यासाठी हात पुढे केला.

"नको," गोवर्धन एकदम मागे सरकला. "हात नको लावू याले. कुठं कापलं, तुले लागलं तं..." आणि तिथेच त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो ते.

"माईत हाय मले," सत्यवती म्हणाली. "दोन दिवाळ्या झाल्या."

तो तिच्याकडे पाहतच राहिला. तिनं त्याची बोटं एकेक करून उकलली, वस्तरा काढून घेतला.

"हळू, ताई," फाटकातून शकीला म्हणाली, आणि दोघांकडे पाठ करून रस्त्याकडे पाहू लागली.

सत्यवतीनं लोट्यातलं पाणी त्या वाळल्या गालाला लावलं. दोन बोटांनी हनुवटी धरली.

"मान वर कर," ती म्हणाली.

गोवर्धननं मान वर केली.