छपाईच्या टेबलावरची चादर

मित्रांनो, चादर म्हटली की तुम्हांला झोप आठवते. मी एक जुनी चादर आहे खरी, पण माझ्यावर कधी कोणी झोपलेले नाही. मीही फारशी झोपले नाही. माझे आयुष्य गेले ते एका टेबलावर ताठ पडून, रंग पिण्यात. आता थकले आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

मी विणली गेले तेव्हा पांढरीशुभ्र होते. जाड सूत, घट्ट वीण. पण एका काठाला गाठ राहून गेली, म्हणून दुकानदाराने मला बाजूला टाकले होते. तिथून मला एका बाईने उचलले. मोठ्या पातेल्यात उकळून तिने माझी गिरणीची खळ काढली. एका जुन्या दाराला पाय ठोकून तिने टेबल केले होते. त्यावर आधी ब्लँकेट आणि वर मला अंथरून तिने कडेने टाचण्या मारल्या. मग माझ्यावरून हात फिरवून म्हणाली, "झालं. आता तुझी सुटका नाही."

ही बाई नवशिक्यांना पानांनी कापड छापायला शिकवी. सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेही. रविवारी सकाळी माणसे जिना चढून येत. कोणी बस चालवणारा, कोणी नर्स, कोणी नोकरीतून सुटून घरात अडगळ झालेले आजोबा. आल्याआल्या प्रत्येकाचे एकच वाक्य असे, "ताई, मला चित्रबित्र काही येत नाही हं."

"तुम्हांला कशाला यायला हवं? पानाला येतं," ताई म्हणे.

गळून पडलेली पानेच ती आणी. तुती, नेचा, एरंड. पानाच्या मागच्या बाजूला शिरा उठून दिसतात. तिथे स्पंजने रंग लावायचा, ती बाजू कापडावर पालथी घालायची, वर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवायचा आणि मग रोलर फिरवायचा. नवशिके हमखास गुळगुळीत बाजूला रंग लावत आणि कापडावर पानाऐवजी नुसता डाग उठे. त्याहून वाईट खोड म्हणजे मध्येच कोपरा उचलून बघणे.

"आजोबा, उचलू नका."

"उचलत नाहीये गं, नुसतं डोकावतोय."

"डोकावलात की पान सरकतं. पातेल्यावरचं झाकण आहे का ते?"

कोऱ्या कापडाची मात्र सगळ्यांनाच भीती वाटे. हात हवेतच थांबे. मग ताई त्यांच्या कापडाच्या कोपऱ्यात स्वतः एक पान छापून देई. "घ्या, बिघडवलं मी. आता भीती संपली ना?" खरोखरच संपे. दुपारी प्रत्येक जण आपले कापड मिरवत घरी नेई, ताईच्या पानासकट. माझ्या वाट्याला येई तो त्यांच्या कापडातून आरपार झिरपलेला रंग. एकाचे पान सुकत नाही तोच दुसऱ्याचे त्यावर. कौतुक कापडांचे होई. एकदाच एका पाहुणीने मला पाहून विचारले, "ही विकत मिळेल का?" ताई हसली. म्हणाली, "अहो, हिला सगळ्यांनी हात पुसलेत!" तरी मला बरे वाटले.

दमायला होई, पण संध्याकाळी ताई टाचण्या काढून मला गॅलरीतल्या दोरीवर टाकी. तिची लेक तिला न्यायला येई. ती कायम घाईत असे.

"आई, घाल ना ती चादर घडी करून पेटीत. मुलं खाली गाडीत भांडतायत."

"ओली आहे गं. वारा लागू दे तिला."

"तुला माझ्यापेक्षा चादरीची काळजी जास्त."

"तू कुठे ओली आहेस?" ताई म्हणे आणि खुशाल स्टुलावर बसून राही. लेकही मग किल्ल्या वाजवत शेजारी बसे.

एका रविवारी ताईचा हात चुकला. ती नर्सबाईंच्या कापडाच्या कोपऱ्यात एरंडाचे पान छापून देत होती. पान अर्धे कापडावर पडले आणि अर्धे कापड सोडून थेट माझ्यावर. ताईला ते कळलेच नाही. ती रोलर फिरवत राहिली. नर्सबाईंना कळले. पान राहिले बाजूला, त्यांनी ताईचे मनगट धरले.

"ताई, आधी खाली बसा. घरी कोणाला फोन करू?"

लेक धावत आली. नर्सबाईंनी तिला आपल्या कापडावरचे ते अर्धेच पान दाखवले. वर्ग मोडला, सगळ्यांनी आपापले आवरले. आईला खाली गाडीत बसवून लेक दिवे बंद करायला वर आली. तिने टाचण्या ओढून काढल्या, मला मधोमध दुमडले आणि पेटीत कोंबले. मी ओली होते. अशा वेळी कोण चादरीला हात लावून बघेल?

पेटीत ओल सुटली. अंगावर काळे ठिपके उठले. ताई परत आली नाही. मला कोणी तसे सांगितले नाही, पण रविवार येत आणि जिना वाजत नसे.

मग एके दिवशी कुलूप उघडले. लेक होती आणि तिचा मामा, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. खोली रिकामी करायची होती. मामा भराभर खोकी भरत होता. लेक एकेक कप्पा उघडून पुन्हा लावत होती.

"काय शोधतेयस मघापासून?"

"आईनं छापलेलं काहीतरी. एक तरी."

"अगं, जन्मभर तेच केलं तिनं. असेल ढीगभर."

"कोरी कापडं आहेत, वाळलेली पानं आहेत. छापलेलं काही नाही, मामा. घरीही नाही. सगळं लोकांच्या कोपऱ्यांत गेलं."

मामाने खिशातून रुमाल काढला. "हा तिनंच दिला होता. नेचा होता यावर." रुमाल पांढरा होता. "धुऊन धुऊन गेला गं. वापर म्हणाली, मी वापरला."

लेकीने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. मग पेटी उघडली.

मामाने नाक धरले. "टाक ती बाहेर. बुरशी लागलीय." पण लेकीने मला टेबलावर पसरले. ताई जिथे उभी राही त्या जागेवर ती वाकली. तिथे पानांवर पाने चढून नुसता काळपट चिखल झाला होता. एकही वेगळे निघेना. मग तिचे बोट काठाकडे थांबले.

एरंडाचे अर्धे पान. थेट माझ्यावर उमटलेले, शिरान् शीर दिसणारे. आणि घडीच्या पलीकडे, तेवढ्याच अंतरावर, त्याचा फिकट जोड. ओल्या घडीत रंग दुसऱ्या अंगाला लागला होता. दोन्ही अर्धी एकमेकांकडे तोंड करून होती. दोन्ही मिळून पान पुरे होत नव्हते.

लेकीने त्याच्या शिरांवरून बोट फिरवले. मामा हळूच म्हणाला, "तेवढा तुकडा कापून घे. फ्रेम करू."

तिने कात्री घेतली. पाते माझ्या काठाला, त्या जुन्या गाठीशी टेकले. मित्रांनो, मी थकले होते. कापले असते तरी मी काही म्हटले नसते.

"उरलेलं अर्धं त्या नर्सबाईंकडे असेल," ती म्हणाली.

"मग मागून घेऊ की."

"नको. त्यांना दिलंय ते." तिने कात्री खाली ठेवली. "त्यांचा वर्ग अर्धाच राहिला, मामा."

तिने मला उचलले आणि गॅलरीतल्या दोरीवर टाकले. मग आईच्या स्टुलावर बसली. मामाने घड्याळ पाहिले, एक खोके उपडे केले आणि त्यावर बसला. माझ्यातली ओल जाईपर्यंत दोघे तिथेच होती. ती रडली, तेव्हा मामाने तो पांढरा रुमाल पुढे केला.

खोली रिकामी करायची राहिली. लेकीने सगळ्यांना बोलावून तो अर्धा वर्ग पुरा केला. तीच माणसे जिना चढून आली. लेकीला फारसे येत नव्हते. पहिलेच पान तिने गुळगुळीत बाजूने छापले आणि आजोबा खूश झाले. नर्सबाईंनी कोपरा उचलला तशी ती म्हणाली, "उचलू नका." आजोबांनीही आपल्या कापडावरचा हात काढून घेतला.

आता त्या एरंडावर तुतीची दोन पाने चढली आहेत. लेकीला ते दिसते. ती टेबल सरकवत नाही, मला फिरवतही नाही. संध्याकाळी दोरीवर टाकते.

मित्रांनो, मी फार दिवस पुरणार नाही. गाठीपाशी विरले आहे. तुमच्याही घरी अशी एखादी कामाची चादर असेल. तिचे कौतुक करू नका, चालेल. फक्त काम झाले की ती पसरा, तिला वारा लागू द्या, आणि जमले तर जवळ बसा. ओली असताना घडी घालू नका. पेटी काही पळून जात नाही.